रंग डोळ्याला लागतो

साइटचा रंग बदलून झाला तरी तक्रारी थांबल्या नाहीत. निळ्याचा हिरवा केला होता. लोक निळ्याबद्दल जे लिहीत होते, तेच हिरव्याबद्दल लिहू लागले. रंग डोळ्याला लागतो. रंग थंड आहे. रंग बरोबर नाही. माझ्या टेबलावर प्रिंट काढलेल्या कागदांचे दोन गठ्ठे होते, एक निळ्याच्या काळातला, एक हिरव्याच्या. दोन्हींतली पानं कोणी अदलाबदल केली असती तर मलाही ओळखता आली नसती.

संतोष दारातूनच म्हणाला, "मॅडम, आता काय म्हणायलेत?"

"रंग चांगला नाही म्हणतात."

"कुठला?"

"जो असेल तो."

तो खुर्चीत बसला आणि हिरव्याचा गठ्ठा चाळू लागला.

अनन्या, ईशान, तुम्ही मला मागे विचारलं होतं की रिटायर झाल्यावर आजी कॉम्प्युटरच्या कंपनीत काय करत होती. तुमच्या बाबांना ते नीट सांगता आलं नाही, म्हणून मीच लिहिते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. संतोष बिरादार माझा जुना विद्यार्थी, मूळचा मंठाळचा. हैदराबादला काही वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून तो परत आला आणि त्यानं गुलबर्ग्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. (शहराचं नाव तेव्हा गुलबर्गाच होतं.) खाली पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याचं दुकान होतं आणि दिवसभर वार्निशचा वास वर येई. त्या दोन खोल्यांत आमचं सोशल नेटवर्क चालत असे. त्याचं नाव 'गाववेस'.

सोशल नेटवर्क म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगणं हास्यास्पद आहे. पण आमचं तुमच्यासारखं नव्हतं. आपल्या भागातले पुरुष पुण्याला, हैदराबादला, मस्कतला कामाला गेलेले. घरची माणसं भालकी, औराद, हुलसूर, आळंद अशा ठिकाणी. घरात मोबाइल असे, पण एकच, आणि तो बहुतेक सासऱ्याच्या खिशात. परदेशी फोन महाग. म्हणून घरच्या बायका गावातल्या इंटरनेट सेंटरवर जात. सेंटरवाला त्यांचं खातं उघडून देई, आलेला मजकूर वाचून दाखवी, त्या सांगतील तो टाइप करी. फोटो येत, जात. तिकडे शारजात बसलेल्या माणसाला घरच्या म्हशीचं रेडकू बघायला मिळे.

माझं काम फीडबॅकचं. म्हणजे वापरणारे लोक जे काही लिहून पाठवतात ते वाचायचं, लावायचं आणि उत्तरं द्यायची. मराठी, कन्नड, दखनी, सगळं बहुधा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. संतोषला वाटलं, हे काम तरुण मुलं नीट करणार नाहीत. त्याचं खरं होतं. त्यांना लोकांच्या स्पेलिंगचं हसू येई. मला परीक्षेचे पेपर तपासायची सवय होती, त्यामुळे मला कशाचंच हसू येत नसे.

आता रीडिझाइन. रीडिझाइन म्हणजे दुकानाची मांडणी बदलणं. माल तोच, फळ्या दुसऱ्या. आमच्या जुन्या मांडणीत खातं उघडलं की समोर तुमच्या माणसांचे फोटो ओळीनं लागत, घरातल्या भिंतीवर लावलेल्या फोटोंसारखे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या फोटोवर बोट ठेवायचं, सेंटरवाला तिथे क्लिक करी आणि त्या माणसाचं पान उघडे. त्याचा मजकूर त्या पानावर असे.

याची अडचण एकच होती. फोटो जड. औरादसारख्या ठिकाणी इंटरनेट इतकं हळू की पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हावा. म्हणून संतोषनं बेंगळुरूच्या एका डिझाइनरला काम दिलं. नेहा तिचं नाव. हुशार मुलगी, बोलायला अदबशीर. तिनं फोटो काढून टाकले. नव्या मांडणीत पांढरंशुभ्र पान, वर निळी पट्टी आणि मध्ये एकच चौकट. चौकटीत लिहिलेलं: 'नाव टाका, शोधा'. नवीन मजकूर आला असेल तर वर कोपऱ्यात लाल ठिपका दिसे, पण तो कोणाचा हे त्या माणसाचं नाव टाकून पान उघडल्याशिवाय कळत नसे. याला डिझाइनमध्ये स्वच्छता म्हणतात.

पान क्षणात उघडायला लागलं. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चाचणी म्हणून मी माझ्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणींची नावं टाकली, तिघी पटापट सापडल्या. माझ्या मते काम उत्तम झालं होतं.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. सुरुवातीच्या मला आवडल्याही. भालकीच्या एकानं लिहिलं होतं, माझ्या गैरहजेरीत कोणीतरी घरातलं सामान हलवल्यासारखं वाटतंय. एका कन्नड माणसानं 'हळेदु चलो इत्तु' एवढंच लिहिलं होतं, म्हणजे जुनंच चांगलं होतं. एकानं दखनीत तेच, 'पुराना इच अच्छा था'. पुण्याच्या एका मुलानं विचारलं होतं, पांढरं पान म्हणजे कंपनी बंद पडायली काय. पण हे सगळे पुरुष होते, आणि आठ-दहा दिवसांत ते गप्प झाले. त्यांना सवय झाली.

गावांकडच्या तक्रारी मात्र वाढतच गेल्या, आणि त्या सगळ्या रंगाच्या.

नेहाशी स्पीकर फोनवर बोलणं झालं. ती म्हणाली, "मॅडम, हे नॉर्मल आहे. युजर्सना बदल नको असतो. पंधरा दिवस द्या." पंधरा दिवस दिले. मग ती म्हणाली, रंग बदलून बघू. हिरवा दिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्याहून विचित्र एक गोष्ट होती. संतोषकडे एक आलेख असे, कोण किती वेळ साइटवर आहे त्याचा. गावांकडची खाती उघडली जात होती. थोडा वेळ उघडी राहत होती. आणि काहीही न करता बंद होत होती. कोणाचं पान उघडलं नाही, काही लिहिलं नाही. नेहाचं म्हणणं, पान जलद झालंय म्हणून कामं जलद आटपतायत. पण कामं होतच नव्हती. संतोषचं म्हणणं, करंट जात असेल. पण करंट काय फक्त बायकांच्या खात्यांचाच जाणार? कारण ही सगळी खाती बायकांची होती, हे मी गठ्ठे लावताना पाहिलं होतं. मी ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, "बायकांना हिरवा आवडत न्हाई असं कसं म्हणावं, मॅडम? चुडा तर हिरवाच असतोय."

अशात मस्कतहून एक फीडबॅक आला. तो रंगाचा नव्हता. लिहिणारा हुलसूरजवळच्या एका वस्तीवरचा तरुण होता, बांधकामावर फोरमनच्या हाताखाली काम करणारा. त्याचं पूर्वीचं घराणं मेंढरंवाल्यांचं, आता थोडी शेती. त्यानं लिहिलं होतं:

"नवीन डिझाइन आलं तसं माझ्या घरून मेसेज यायचा बंद झाला. सुनंदाचं खातं हुलसूरच्या सेंटरवर हाय. मी तिला महत्त्वाचं विचारलंय. इथं कंपनीनं आणखी दोन वर्षांचा कागद समोर ठेवलाय. शुक्रवारपर्यंत तिचं उत्तर आलं न्हाई तर तिची ना न्हाई असं समजून सही करतो. घरी फोन करू नका, फोन अप्पाकडं असतो."

अप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांना मुलगा तिकडेच राहायला हवा होता, कारण घराचा स्लॅब पडायचा बाकी होता. हे त्यानं त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं. रागानं नाही, कारण म्हणून.

मी त्याला उत्तर पाठवलं, आम्ही तपासत आहोत. हे उत्तर आम्ही सगळ्यांनाच देत असू. पण यावेळी मी खरंच तपासलं. सुनंदाचं खातं डिझाइन बदलल्यापासून बऱ्याचदा उघडलेलं होतं. लाल ठिपका प्रत्येक वेळी तिथे होता. तिनं नवऱ्याचं पान एकदाही उघडलं नव्हतं. शेवटी तिच्या नावानं एक फीडबॅक होता: कलर डोळ्याला लागायलाय.

बाई सेंटरपर्यंत चालत येते. नवऱ्याचा मजकूर आला आहे हे तिला दिसतं. तो न उघडता ती रंगाची तक्रार लिहून परत जाते. ती त्याच्यावर रागावली असेल का? मग येते कशाला? कोणी अडवत असेल का? मग खातं तरी कसं उघडू देतात? आणि तिच्यासारख्याच औरादच्या, आळंदच्या बायका, त्या सगळ्या एकाच वेळी नवऱ्यांवर रागावल्या आहेत का?

तुमचे आजोबा म्हणाले, "सेंटरला फोन करून विचार की." मी म्हटलं, फोनवर परत रंगच सांगतील. बुधवारी सकाळी मी हुमनाबादची बस धरली, तिथून बसवकल्याण, तिथून हुलसूर.

जाण्यापूर्वी एक गोष्ट मी स्वतःला बजावली होती. एकानं काय लिहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम होता. फीडबॅकचे नियम मीच लिहिले होते. त्यामुळे सुनंदाला जाऊन 'तुझा नवरा शुक्रवारी सही करणार आहे' असं मला सांगता येत नव्हतं. ती त्याच्या पानापर्यंत पोचली पाहिजे, तिनं ते स्वतः वाचून घेतलं पाहिजे, एवढंच मी करू शकत होते.

सेंटर बसस्टँडच्या मागे होतं. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन. चालवणारा रफिक, औरादकडचा. हुलसुरात त्याचं कोणी नव्हतं, आणि धंद्याला ते फायद्याचं होतं. बायकांना आपला मजकूर वाचायला परक्या गावचा माणूसच बरा वाटे. तो ऐकून विसरतो. गावातल्या माणसाकडून तेच वाचून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत सासऱ्याला कळलं असतं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि बघत राहिले. एक बाई शाळेतल्या मुलीला घेऊन आली. मुलीनं काहीतरी सांगितलं, रफिकनं टाइप केलं, पान उघडलं, काम झालं. दुसरी एक बाई एकटीच आली, पडद्याकडे बघून "राहू द्या" म्हणाली आणि गेली. तिसरी पुन्हा मुलाला घेऊन. मी वहीत लिहिलं: बायका मुलांना सोबत आणतात, शाळा जवळ असावी. मी किती शिस्तीत आणि किती चुकीचं लिहू शकते याचा हा नमुना.

रफिकला विचारलं, बायकांच्या रंगाच्या तक्रारी तूच टाइप करतोस ना?

"हौ अम्मा. वो बोलते, मैं मारता." मग तो स्वतःहून म्हणाला, "मेरेकू भी ये नया डब्बा पसंद नहीं. पहले फोटू पे उंगली रखते थे, मैं दबा देता था. फोटू से पहचानता मैं. नाम कौन याद रखता?"

मी तेही लिहून घेतलं. समजलं मात्र नाही.

दुपारी सुनंदा आली. रफिकनं "आओ सुनंदा अक्का" म्हटलं म्हणून मला कळलं. कडेवर दीडेक वर्षांचं लेकरू, डोक्यावर पदर, पायांना शेतातली माती. ती खुर्चीवर बसली नाही. इथे कोणीच बसत नसे. खुर्चीत रफिक, बाई त्याच्या मागे उभी. त्यानं तिचं खातं उघडलं. लाल ठिपका दिसला.

"किसका खोलूं, अक्का?"

"त्यांचं," ती म्हणाली.

"किनका?"

"ते... मस्कतचे."

"अक्का, मस्कत में तो आधा हुलसूर है."

शेजारच्या कॉम्प्युटरवरची दोन पोरं हसली. सुनंदानं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "राहू द्या," ती म्हणाली. "कलर डोळ्याला लागायलाय."

मी हे सगळं हातभर अंतरावरून ऐकलं, आणि खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एका बाईनं आपल्या नवऱ्याला 'ते' म्हटलं, यात लिहून घेण्यासारखं काय? मला वाटलं, हिला पद्धत समजत नाही, करून दाखवावं. मी उठले. मी गाववेसची मॅडम आहे, गुलबर्ग्याहून आले आहे, असं सांगितलं. रंग आम्ही बदलला, आणखी बदलू, पण वापरायला हे किती सोपं आहे ते मी दाखवते, म्हटलं. तुमच्या आजोबांचंही खातं होतंच, ऑफिसातल्या सगळ्यांनी घरच्यांची खाती उघडली होती. मी रफिकला माझं खातं उघडायला सांगितलं.

"बोलो अम्मा, किसका खोलूं?"

"सरांचं," मी म्हटलं.

"कौनसे सर?"

"आमच्या घरचे."

रफिक थांबला. बोटं कीबोर्डवर, मान माझ्याकडे वळलेली. त्याला नाव हवं होतं, एवढंच. माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. नाव आत अगदी समोर होतं. बाहेर येईना.

मुलांनो, मी बँकेत, दवाखान्यात, तुमच्या बाबांच्या शाळेच्या फॉर्मवर ते नाव शेकडो वेळा लिहिलेलं आहे. लिहिताना मला कधी काही झालं नाही. पण मी ते कधी उच्चारलेलं नाही, हे मला त्या दिवशी हुलसूरच्या सेंटरमध्ये कळलं. मराठीत 'हे', कॉलेजात 'सर', इंग्रजीत 'माय हजबंड'. तीन भाषांत मी सोय करून ठेवली होती आणि मला ती सोय आहे हेही माहीत नव्हतं. माझ्या आईनं घेतलं नाही, सासूबाईंनी घेतलं नाही. मला कोणी घेऊ नको असं सांगितल्याचंही आठवत नाही. रफिक अजून वाट बघत होता.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मग तिनं पदर तोंडावर धरला. हसत होती.

"तुमी बी न्हाई घेत?"

"नाही घेत."

"शिकलेल्या हाव की, अक्का."

"हो," मी म्हटलं. "इंग्रजी शिकलेय."

आता ती मोकळेपणानं हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आदी बरं हुतं. फोटूवर बोट ठिवायचं. आता ही चौकट त्यांचं नाव मागायलीय. ह्या पोरांच्या म्होरं कसं घ्यावं? ज्यांची लेकरं मोठी हायती त्यांचं भागतंय. लेकरू बापाचं नाव सांगतंय. माझं अजून बोलंना."

मुलं का सोबत येत होती ते मला कळलं. शाळा दुसऱ्या टोकाला होती.

"मग कलर कामून म्हणालीस?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"रफिकभाईनं इचारलं की, काय आवडंना म्हणून. काय सांगावं? नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटायलीय म्हणून लिवा म्हणू का?"

कोणाला बोलवून नाव सांगायला लावावं तर तो माणूस घरी जाऊन सांगणार की सुनंदा सेंटरवर येते. तेही नको होतं. तिच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. आमच्या बाजूनं एक पांढरी चौकट होती.

मी रफिकला चहा सांगायला पाठवलं आणि त्याच्या खुर्चीत बसले. सुनंदाचं खातं पुन्हा उघडून घेतलं. तिच्या नवऱ्याचं नाव मला त्याच्या पत्रावरून माहीत होतं. मी ते बोलले नाही. टाइप केलं. तिनं मला कसं माहीत हे विचारलं नाही. ती पडद्याकडे बघत होती, तिथे पिवळं हेल्मेट घातलेला एक बारीक मिशांचा माणूस आला होता. कडेवरच्या लेकरानं हात पुढे करून पडद्यावर आपटला आणि ते म्हणालं, "बा."

रफिक आल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले. तो मजकूर माझ्यासाठी नव्हता. रफिक हळू आवाजात वाचत होता, ती मध्येच थांबवून पुन्हा वाचायला लावत होती. मी मागे वळून पाहिलं नाही, पण दुकान एवढंसं, तिचं उत्तर मला ऐकू आलंच.

"लिवा," ती म्हणाली. "दोन वर्सं न्हाई."

"आगे?"

"अप्पाला स्लॅब पायजे, ते खरं हाय. स्लॅब हितं बी राबून पडतोय. लेकरू फोटूला बा म्हणायलंय, म्हणून लिवा."

"हौ. आगे?"

"सही करू नका म्हणून लिवा. मी म्हणाले म्हणून लिवा. खाली माझं नाव टाका."

"नाम तो ऊपर आताच है, अक्का."

"तरी टाका. माझं तर घ्यायला येतंय मला."

गुरुवारी मी ऑफिसात होते. नेहा फोनवर, संतोष समोर. मी फोटो परत आणा म्हटलं. नेहानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मॅडम, नाव बोलायचं कुठे आहे? टाइप करायचं आहे."

"टाइप रफिक करतो," मी म्हटलं.

"मग युजर रफिक झाला ना?"

तिची चूक नव्हती. तिच्या पुस्तकात युजर म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस. आमचा युजर खुर्चीच्या मागे उभा असे.

संतोषला अजून शंका होती. त्याला पान जलद उघडायला हवं होतं, आणि ज्या हैदराबादच्या सावकाराचे पैसे कंपनीत होते त्याला तो काय सांगणार होता? बायका लाजतात म्हणून साइट मागे नेली? मी त्याला एकच विचारलं. "तुझ्या आईच्या तोंडून तुझ्या वडिलांचं नाव तू कधी ऐकलंस?"

तो विचार करू लागला.

"उखाण्यात," तो शेवटी म्हणाला. "मावशीच्या लग्नात. ते बी सगळ्यांनी लई आग्रह केला तवा."

"मग तुझी चौकट रोज उखाणा मागतेय," मी म्हटलं.

नेहाला उखाणा समजावून सांगायला बराच वेळ लागला. तिच्या घरी कन्नडमध्ये तसंच काही असतं हे तिला बोलता बोलता आठवलं आणि मग काम सोपं झालं. फोटो परत आले. जुन्यासारखे मोठे नाहीत, टपाल तिकिटाएवढे, म्हणजे पानही जड होणार नाही. चौकट राहिली, पण वर कोपऱ्यात, ज्याला हवी त्याच्यासाठी. रंगाला कोणी हात लावला नाही. हिरवा होता तो हिरवाच राहिला.

शुक्रवारी मस्कतहून मला दोन ओळी आल्या. 'साइट चालू झाली. थँक्यू मॅडम.' त्याच्या लेखी साइटच बंद होती. मी त्याला उलगडून सांगितलं नाही. त्यानं सही केली नाही, हे मला पुढे रफिककडून कळलं. हातातलं काम संपवून तो परत आला. आता बसवकल्याणला कुठल्याशा कॉन्ट्रॅक्टरकडे आहे.

फोटो आल्यावर गावांकडच्या रंगाच्या तक्रारी थांबल्या. मी हिरव्याचा गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. पण तो मस्कतचा मुलगा परत आला त्या महिन्यात, हुलसूरच्या सेंटरवरून, रफिकनं टाइप केलेली आणखी एक तक्रार आली. ज्यानं ती लिहवून घेतली त्याचं आमच्याकडे खातंसुद्धा नव्हतं. 'गाववेसचा नवीन कलर बरोबर न्हाई. आदीचंच सगळं बरं हुतं.' खाली नाव तुकाप्पा, आणि वस्ती त्या मुलाचीच.

संतोषनं ती वाचली आणि डोक्याला हात लावला. "मॅडम, पुन्हा कलर! बदलावा काय आता?"

"नको," मी म्हटलं. "हा कलरचा नाही. स्लॅबचा आहे."

गाववेस त्यानंतर काही वर्षं चाललं. मग बाहेरची मोठी नेटवर्कं सगळ्यांच्या मोबाइलवर आली, बायकांच्या हातात स्वतःचे फोन आले, आणि आमची कोणाला गरज राहिली नाही. संतोष आता पुण्यात नोकरी करतो. त्या कामातून मी एवढंच शिकले की लोकांना काय आवडत नाही असं विचारलं, तर ते जे सांगता येतं तेच सांगतात. रंग सगळ्यांना सांगता येतो.

ईशान, मागे तुझ्या शाळेत वंशवृक्ष काढायचा होता आणि तू फोनवर मला आजोबांचं पूर्ण नाव विचारलंस. मी म्हटलं, थांब, बाबाला देते. तू नंतर त्याला विचारलंस म्हणे, आजीला आजोबांचं नाव माहीत नाही का? माहीत आहे. पुन्हा लागलं तर सांग, टाइप करून पाठवते.